हात कुठे धुतले?

नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी वर्षाला चाळीस तास वस्तीत जाऊन काम करायचं, असा नियम होता. कागदोपत्री त्याला स्वयंसेवा म्हणत. तरी हजेरी घेतली जाई आणि न येणारीला प्राचार्यांपुढे उभं राहावं लागे, तेव्हा त्यात स्वयं किती आणि सेवा किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. एका मुलीला मात्र तो शब्द खरोखर लागू पडायचा. तिचे चाळीस तास पहिल्या सहामाहीतच भरले होते, तरी दर शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला ती आरोग्य केंद्राच्या पायरीवर हजर. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहायचं. वर्गातल्या मुलींपासून वॉर्डातल्या आयांपर्यंत सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण पोरगी एका जागी ठरत नसे.

भिंगरी हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. रक्तदाब मोजताना इतर मुली कानात नळ्या घालून डोळे मिटून बसत, तोवर हिचा आकडा लिहून झालेला असे, आणि तो बरोबरही असे. तिला मनापासून वाटायचं की वस्तीत घरं फार आहेत आणि सिस्टर एकच आहेत, तेव्हा जो जास्त घरं करील तो जास्त कामाचा. हिशेब सरळ होता. त्या शनिवारी तिनं साडेआठ ते बारा या वेळात अकरा घरं केली. केंद्रात तो विक्रमच होता. सातवं घर होतं एका नव्या आईचं, जिचं बाळ नऊ दिवसांचं होतं. त्या बाळाला संध्याकाळपर्यंत कुणी नीट पाहिलं नसतं तर ते वाचलं नसतं. पण हे भिंगरीला दुपारी दोनपर्यंत माहीत नव्हतं. बाराला ती अकरा कागदांची चळत टेबलावर ठेवून, हाताची घडी घालून, शाबासकीची वाट बघत उभी होती.

टेबलापलीकडे बसलेल्या त्या एकट्या सिस्टरबाईंना वस्तीत सगळे पिशवीबाई म्हणत. एकतीस वर्षं याच वस्तीत, याच कामावर. ठेंगणी, अंगानं रुंद, गुडघे कुरकुरणारे, आणि हातात कायम ती पिशवी. बाईंचे वडील ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवायचे. मुलीला नोकरी लागली तेव्हा त्यांनी उरलेल्या ताडपत्रीची ही पिशवी शिवून दिली होती, दुहेरी टाक्यांची, आत सात कप्पे. तिचा तळ तीनदा बदलला होता, बंद दोनदा, आणि एक बाजू कुणाच्या तरी शेळीनं खाल्ल्यावर तीही. तरी बाई म्हणायच्या पिशवी तीच आहे आणि कुणाची वाद घालायची टाप नव्हती. बाईंचे यजमान पोस्टमन होते, आता निवृत्त. त्यांचा एक ठरलेला विनोद होता. वस्तीतली सगळी घरं आम्ही दोघांनी पाहिली, ते सांगायचे, फरक इतकाच की मी दारापर्यंत गेलो आणि ही मोरीपर्यंत. यावर बाई दर वेळी हसायच्या. भिंगरीला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे.

बाईंची कामाची पद्धत बघायची म्हणजे घड्याळ असलेल्या माणसानं बघूच नये. घरात शिरल्यावर आधी जुनं वर्तमानपत्र पसरायचं. त्यावर पिशवी ठेवायची, जमिनीवर नाही, खुर्चीवर नाही, कुणाच्या पलंगावर तर नाहीच. मग बाहेरच्या कप्प्यातून साबणाची डबी आणि छोटा टॉवेल काढायचा, घरच्यांकडे हात धुवायला पाणी मागायचं, हात धुवायचे, आणि त्यानंतरच पिशवीचं तोंड उघडायचं. हे कॉलेजात सगळ्याच मुलींना शिकवलं होतं. प्रयोगशाळेत, बेसिनपाशी, दहा गुणांसाठी. भिंगरीला दहापैकी दहा मिळाले होते. पण प्रत्यक्षात आता कोण पाणी मागत बसतं? खिशात सॅनिटायझरची बाटली असते, दोन थेंब चोळले की वीस सेकंदांत काम. शिवाय ज्यांच्याकडे पाणी भरून ठेवावं लागतं त्यांचं तांब्याभर पाणी कशाला वाया घालवा, असाही एक उदात्त विचार तिच्याकडे होता.

केंद्रातल्या घरभेटीच्या कागदावर नाव, वय, वजन, ताप, औषधं असे छापील रकाने होते. त्या सगळ्यांच्या खाली, छापील नव्हे तर बाईंच्या हातची, झेरॉक्स करून करून फिकट झालेली एक ओळ होती: हात कुठे धुतले? मुलींमध्ये त्या ओळीची थट्टा चाले. एकीनं एकदा 'पाण्यात' असं लिहिलं होतं आणि बाईंनी तिला त्याच घरी परत पाठवलं होतं.

तर बाईंनी चष्मा चढवला आणि भिंगरीचे कागद वाचायला घेतले. वाचायचा त्यांचा वेगही चालण्यासारखाच. पहिला कागद वाचला, बाजूला ठेवला. दुसरा, तिसरा. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. पहिल्या तीन कागदांवर शेवटच्या ओळीपुढे एकच शब्द होता, सॅनिटायझर, आणि वेळ वाचावा म्हणून चौथ्यापासून पुढे नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या दोन रेघा. बोलणी बसणार हे तिला दिसत होतं. उत्तरही तिनं तयार ठेवलं होतं.

सातव्या कागदापाशी बाई थांबल्या. त्यांनी तो पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावलं.

"बाळ शांत आहे, रडत नाही, बराच वेळ झोपतं, तक्रार नाही," त्यांनी वाचून दाखवलं. "हे कुणाचं म्हणणं? तुझं की आईचं?"

आई म्हणाली, आणि मी पाहिलं तेव्हा झोपलंच होतं, भिंगरीनं सांगितलं. वजन कधी केलंस, बाईंनी विचारलं. भिंगरी सांगू लागली. काटा दुसऱ्या मुलींकडे होता. बाळ झोपलेलं, आई म्हणाली आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका. मग तिनं जन्माच्या कार्डावरचं वजनच उतरवून घेतलं होतं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भिंगरी नंतर मैत्रिणींना सांगायची. त्या उठल्या, मुलींनी परत आणून ठेवलेला टांगायचा काटा कप्प्यात घातला, पिशवी उचलली आणि एवढंच म्हणाल्या, "चल."

दोघींचे जेवणाचे डबे टेबलावर तसेच राहिले. पिशवीबाईंना इतक्या भराभर चालताना भिंगरीनं कधी पाहिलं नव्हतं. उतारावरच्या पायऱ्या त्या गुडघ्यांवर हात दाबत उतरल्या, वाटेत दोघीतिघींनी हाक मारली त्यांना नुसती मान हलवली, आणि शिंप्याच्या दुकानामागच्या त्या दोन खोल्यांच्या दारात त्या पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. तरी भिंगरीचं एक मन म्हणत होतं, काही नसेल, म्हाताऱ्या माणसांना उगाच काळजी करायची सवय असते.

दार बाळाच्या आईनंच उघडलं. वीस-एकवीस वर्षांची असेल. घरात दुसरं कुणी बाईमाणूस नव्हतं. नवरा मालगोदामात हमालीवर जायचा तो दिवेलागणीला यायचा. तिच्या चेहऱ्यावर झोप नव्हती पण आनंद होता. सिस्टर पुन्हा आल्या, तेही मोठ्या सिस्टरना घेऊन, म्हणून ती हरखून गेली. बाळ पलंगावर दुपट्यात गुंडाळलेलं होतं. गप्प.

भिंगरी थेट पलंगाकडे निघाली. पिशवीबाईंनी तिच्या दंडाला धरून तिला थांबवलं. त्यांनी वर्तमानपत्र काढलं. पसरलं. त्यावर पिशवी ठेवली. साबणाची डबी घेतली आणि अगदी गप्पा मारायला आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, हात धुवायला पाणी देतेस का? नको, तू उठू नको, मोरी कुठे ते सांग, मीच घेते."

भिंगरीला वाटलं, आता हद्द झाली. एवढं धावत आलो ते हात धुवायला? पण बाई आतल्या खोलीतून मागे गेल्यासुद्धा, म्हणून ती त्यांच्या पाठोपाठ गेली. मोरी म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरणारी जागा. एक पिंप, त्यावर झाकण, घासून ठेवलेला तांब्या. बाईंनी तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि हात पुढे केले. भिंगरी पाणी घालत होती, बाई साबण लावत होत्या, आणि बाईंचे डोळे त्या जागेत फिरत होते. पिंप झाकलेलं होतं, त्यावर नजर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. कोपऱ्यात बादली होती, कोरडी. वरती खिळ्याला बांधलेल्या दोरीवर एक परकर, नवऱ्याचा सदरा, दोन झबली आणि बाळाचा एक लंगोट. एकच. बाईंनी फेसाळलेल्या हाताच्या मागच्या बाजूनं त्या लंगोटाला स्पर्श केला. कडक वाळलेला होता.

"लंगोट अजून कुठे वाळत घालतेस गं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"इथेच की," बाळाची आई बाहेरून म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "फार लागतच नाहीत, सिस्टर. काल दोन झाले. आज सकाळपासून एकही नाही. शेजारची म्हणते, भाग्यवान आहेस, माझ्या पोरानं तर मला नुसती धुणी धुवायला लावलीत."

भिंगरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पुस्तकातलं ते पान तिला जसंच्या तसं आठवलं. पाच दिवसांनंतरचं बाळ दिवसाला निदान सहा वेळा लंगोट ओला करतं, करत नसेल तर त्याला दूध पोचत नाही. या प्रश्नाला तिनं परीक्षेत पूर्ण गुण घेतले होते. सकाळी ती या घरात तब्बल बारा मिनिटं बसली होती, या मोरीपासून सहा पावलांवर, आणि दोन थेंब हातावर चोळून निघून गेली होती. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"पाणी घाल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. घाई असूनही त्यांनी बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं नेहमीसारखं धुतलं. ते का, हे पुढच्या मिनिटाला कळलं. पलंगावर बसून त्यांनी दुपटं सोडलं आणि ती स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडात घातली. भुकेलं बाळ अशा वेळी बोट असं ओढतं की सोडवावं लागतं. या बाळानं ओठ जरासे हलवले आणि सोडून दिलं. तोंड आतून कोरडं होतं. बाईंनी खिडकीच्या उजेडात त्याचे तळपाय दाबून पाहिले, ते हळदीसारखे पिवळे होते. पाय थंड होते. मग त्यांनी काटा दाराच्या कडीला टांगला, झोळीत बाळ ठेवलं आणि भिंगरीला आकडा वाचायला सांगितलं. जन्माला दोन किलो आठशे होतं. आता दोन किलो तीनशे. भिंगरीनं आकडा दोनदा मोठ्यानं वाचला.

त्यानंतर जे झालं त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. बाईंनी आईला घाबरवलं नाही आणि खोटंही सांगितलं नाही. बाळाला दूध पुरेसं गेलेलं नाही, त्याच्यात रडायची ताकद राहिलेली नाही, म्हणून ते शांत आहे, त्या म्हणाल्या. आपण त्याला मोठ्या दवाखान्यात नेतोय, आणि यात तुझी चूक नाही, तुला कुणी सांगितलं नव्हतं. एका हातानं त्यांनी गाडीसाठी फोन लावला, दुसऱ्या हातानं बाळाचं झबलं काढून त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून चादर लपेटली, ऊब मिळावी म्हणून. गाडी येईपर्यंत आईचं दूध वाटीत काढून ते थेंबाथेंबानं चमच्यानं पाजलं, प्रत्येक थेंब गिळला जातोय ना ते बघत. अकरा चमचे गेले. भिंगरी चादर धरून उभी होती आणि त्या जाड, खरखरीत बोटांकडे बघत होती. नऊ दिवसांच्या जिवाच्या ओठाशी चमचा टेकवताना ती बोटं जराही हलत नव्हती. असं काही तिनं कुठल्याच वॉर्डात, कुठल्याच डॉक्टरांकडे पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात बाळाला सलाइन लागलं, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं गेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की उद्या सकाळपर्यंत थांबला असतात तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. एवढं सांगून त्या आत गेल्या. बाळाचा बाप गोदामातून तसाच धावत आला होता, अंगावर पोत्यांची धूळ. तो बायकोशेजारी भिंतीला टेकून खाली बसला आणि बसूनच राहिला.

व्हरांड्यातल्या बाकावर भिंगरी रडत होती. पिशवीबाईंनी पिशवी मांडीवर घेतली होती, कारण दवाखान्याच्या जमिनीवर तर ती ठेवायचा प्रश्नच नव्हता. बाई, मी मारलं असतं त्याला, असं भिंगरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाईंनी तिला थोडा वेळ रडू दिलं. मग त्या बोलू लागल्या, आणि एकतीस वर्षांत त्या स्वतःबद्दल इतकं बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या सांगत होत्या की त्याही अशाच होत्या. पहिली दोन वर्षं सगळ्यात जास्त घरं त्यांचीच असायची. तेव्हा सॅनिटायझर नव्हतं, पण स्पिरिटची बाटली होती, कापसाचा बोळा होता, दारात बसूनच काम उरकायचं. मग एकदा पायऱ्यांवरून घसरून त्या चिखलात पडल्या. कोपरापर्यंत हात माखले. समोरच्या घरातल्या आजी त्यांना ओढत मागे मोरीत घेऊन गेल्या, आणि तिथे एक सात वर्षांची मुलगी पाय पाण्यात बुडवून बसली होती, चार दिवसांपूर्वी गरम पाण्यानं भाजलेला, आता पिकलेला पाय. दारात विचारलं तेव्हा सगळे म्हणाले होते, घरात कुणी आजारी नाही. खोटं बोलत नव्हते. पोराचं भाजणं हा आजार असतो असं त्यांना वाटतच नव्हतं.

"ती मुलगी बरी झाली. पाय नीट आहे, आता तिलाच दोन मुलं आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यातून जात नाहीत ती त्याआधीची दोन वर्षं. त्या दोन वर्षांत कुणाकडे काय सुटलं, मला माहीत नाही. कळायला मी आत गेलेच नव्हते."

भिंगरीनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं. दिवसाला चार-पाच घरं, प्रत्येक घरात तांब्याभर पाणी. ही बाई किती मोऱ्यांमध्ये उभी राहिली असेल, किती दोऱ्यांवरचे कपडे तिनं वाचले असतील, किती पिंपांत डोकावली असेल, आणि घरच्यांना एकदाही झडती घेतल्यासारखं वाटलं नसेल. कुणी आपल्या घरात हात धुवायला पाणी मागितलं तर त्याला कोण नाही म्हणतं? वस्तीतली माणसं डॉक्टरांना जे सांगत नव्हती, सांगायचं असतं हेच ज्यांना माहीत नव्हतं, ते सगळं या गुडघेदुखीवाल्या बाईनं साबणाच्या एका डबीच्या जोरावर वाचून काढलं होतं. आणि आपण हिच्या संथपणाच्या नकला करून मुलींना हसवत होतो. भिंगरीला लाज वाटली, पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघताना वाटतं तसं.

बाकीच्या दहा घरांचं काय, तिनं विचारलं. सोमवारपासून रोज दोन, बाई म्हणाल्या, तुझं कॉलेज सुटल्यावर. आणि बाटली खिशात राहू दे, रस्त्यात उपयोगी पडते. मग त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, कारण दोघींचं जेवण अजून टेबलावरच होतं.

बाळ नऊ दिवस दवाखान्यात राहिलं. आईला कसं पाजायचं, कसं धरायचं ते तिथल्या सिस्टरनी चांगलं चार वेळा शिकवलं. घरी आल्यानंतरच्या शनिवारी भिंगरी त्या दोन खोल्यांकडे निघाली तेव्हा पिशवीबाई बरोबर नव्हत्या. त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं होतं आणि पिशवी भिंगरीच्या खांद्याला अडकवली होती. पिशवी दिसते त्यापेक्षा पुष्कळ जड होती. शिंप्याच्या दुकानापासूनच रडणं ऐकू येत होतं. शिंपी वैतागून म्हणाला की सकाळपासून हेच चाललंय. भिंगरी त्याच्याकडे बघून अशी हसली की बिचारा गोंधळला.

आईनं दार उघडलं तेव्हा ती पार थकलेली होती. रात्रभर झोपू देत नाही हो, तिनं तक्रार केली, बाप तर कानात कापूस घालून झोपतो. खांद्यावरचं बाळ लालबुंद होऊन किंचाळत होतं, मुठी आवळून, जगावर रागावल्यासारखं. भिंगरीला त्याला आधी उचलून घ्यायचं होतं, हात शिवशिवत होते. तिनं वर्तमानपत्र पसरलं. त्यावर पिशवी ठेवली. साबणाची डबी काढली.

"वहिनी, हात धुवायला पाणी मिळेल का?"

ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आईनं दोनदा हाक मारली, साबण सापडला ना, टॉवेल देऊ का. भिंगरी दोन्ही वेळा आतूनच हो म्हणाली. शेवटी ती बाहेर आली, बाळाला घेतलं, वजन केलं, सगळं पाहिलं. पाऊण तासानं, उंबऱ्याशी बसून तिनं कागद भरला. वजन तीन किलो शंभर. ताप नाही. पिवळेपणा नाही. त्या दिवशीचं तिचं ते दुसरंच घर होतं आणि अकरा वाजून गेले होते. शेवटच्या फिकट ओळीपाशी ती आली आणि तिनं नेहमीपेक्षा सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं: मोरीत. दोरीवर आठ लंगोट, सगळे ओले. दोन अजून बादलीत.